तोस्कानाचं ऊन घणसोलीत बनतं

गेला आठवडाभर पाऊस असा की पारसिकचा डोंगरच दिसेना, महापेच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, साहेबांचा मेसेज आला की घरूनच करा, आणि मी घणसोली गावात आमच्या दुसऱ्या माळ्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावून इटलीतल्या एका घरावर ऊन टाकत बसलो होतो. थट्टा नाही, कामच ते आहे माझं. परदेशातले एजंट विकायच्या घरांचे फोटो पाठवतात, आम्ही रात्रीतून ते चकाचक करून परत देतो. कचऱ्याचे डबे उडवा, वायरी उडवा, लॉन हिरवंगार करा, आभाळ बदला. आभाळांचा तर वेगळा फोल्डरच आहे आमच्याकडे, सकाळचं, दुपारचं, कापसासारखे दोन-चार ढग असलेलं, संध्याकाळचं गुलाबी, सगळी आभाळं तयार.

यावेळचं घर तोस्कानातलं, आरेत्सोच्या दक्षिणेला वाल दी कियाना म्हणून खोरं आहे तिकडचं. जुनं शेतघर, पूर्ण रिनोव्हेट केलेलं. स्विमिंग पूल, ऑलिव्हची झाडं, दारात सायप्रसची रांग, आणि माहितीच्या कागदावर पहिल्याच ओळीत काय तर भरपूर ऊन. हे मला दरवेळी गंमतीचं वाटतं. आपल्याकडे फ्लॅट दाखवताना एजंट म्हणतो, पश्चिमेचं ऊन येत नाही साहेब, मस्त थंड राहतं घर. तिकडे ऊन विकायला काढतात. आणि फोटोग्राफर गेला नेमका आभाळ भरून आलेल्या दिवशी, त्यामुळे ते ऊन मलाच तयार करावं लागणार होतं.

पहिल्या खेपेला फाईल परत आली. शेरा होता, सावल्या खोट्या वाटतात. तासभर डोकं खाजवलं तेव्हा लक्षात आलं की मी झाडाच्या अगदी बुडाशी आखूड सावली टाकली होती, आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी पडते तशी. आपल्याकडे मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीच पडत नाही. ते घर ४३ अंश उत्तरेला, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, ऐन जूनमध्येसुद्धा कलताच राहतो, म्हणजे सावली उत्तरेला पडणारच. थोडक्यात मी तोस्कानावर घणसोलीचं ऊन पाडलं होतं. दहा वर्षं या धंद्यात आहे, तरी हात सवयीनेच चालतो.

तर ते नीट करत बसलो होतो आणि आई चहा घेऊन आली. आई सहसा स्क्रीनकडे बघत नाही, तिला वाटतं मी दिवसभर गेम खेळतो आणि लोक मला त्याचे पैसे देतात, पण त्या दिवशी स्क्रीनवर हॉलचा फोटो होता. विटांची कमानदार छत, पांढरे सोफे, एक मोठी फायरप्लेस, आणि भिंतीला लागून कमरेइतकी उंच दगडी कुंडी, वर भिंतीत लोखंडी कडी.

आई कप हातातच धरून वाकली. "अरं, यो त गोठा हाय!"

मी म्हटलं आई, हा हॉल आहे, लिव्हिंग रूम.

"कसला हॉल? ही गव्हान हाय. आन् ती करी बघ, गुरा बांधाची."

मग मी कागद नीट वाचला. बाईचं बरोबर होतं. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, मूळच्या गोठ्यातली गव्हाण जपून ठेवली आहे. मी आदल्या दिवशी ती कडी खोडायच्या यादीत टाकून बसलो होतो, मला वाटलं कुठला तरी जुना नळ-बिळ असेल.

मग मी खोदायला लागलो, कामाचा वेळ गेला तो गेला. त्या भागातल्या अशा घरांना लेओपोल्दिना म्हणतात, अठराव्या शतकात ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दोच्या काळात खोऱ्यातली दलदल काढून शेती वाढवली तेव्हा ती कुळांसाठी बांधली. खाली गोठा, वर माणसं, छपरावर मधोमध छोटा मनोरा, तो कबुतरांचा. खाली बैल असले की थंडीत त्यांच्या उबेनं वरच्या खोल्या गरम राहायच्या. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे गुरांच्या डोक्यावर निजायचे? आमच्याकडे गोठा घराला चिकटून होता, पण गुरांच्या वर झोपायचं काही तिला पटलं नाही. छपरावरची कौलं मात्र तिला एकदम ओळखीची वाटली. अर्धगोल, नळीची. मंगलोरी कौलं यायच्या आधी तिच्या माहेरी तशीच होती म्हणे आणि दर पावसाळ्याआधी माणूस बोलावून ती परतावी लागायची, माकडं नाचली की पुन्हा बोलवा.

आणि ते शेत कोणाचं, तर मालकाचं. मेझाद्रिया म्हणायचे त्या पद्धतीला, घर मालकाचं, जमीन मालकाची, राबायचं कुळानं आणि पीक निम्मं मालकाला. म्हटलं आई, अर्धेलीच की ही. आईचं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं, तिला अर्धेल म्हणजे काय हे मी सांगायला नको. तिचे आजोबा चरीच्या संपातले. नारायण नागू पाटलांनी उभा केलेला, १९३३ ते १९३९, सहा वर्षं कुळांनी खोतांची शेती पेरली नाही, लाकडं विकून, करवंदं विकून दिवस काढले. तिकडे इटलीत मेझाद्रियाचे नवे करार १९६४ ला कायद्यानं बंद झाले आणि उरलेले १९८२ च्या कायद्यानं साध्या खंडात बदलायची सोय झाली, पण त्याच्या आधीच पोरं कारखान्यांत निघून गेली होती. घरं ओस पडली, कित्येक ठिकाणी छपरं बसली, आणि मग बाहेरून इंग्रज, जर्मन वगैरे आले, त्यांनी पडीक घरं घेतली, चेस्टनटच्या तुळया बदलल्या, गोठ्यात सोफा टाकला. आता तेच घर लक्झरी.

आमच्याकडे उलटं झालं. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यात आमची भातशेती गेली, शेत नाही तर बैल कशाला, बैल नाही तर गोठा कशाला. पुढे कौलारू घर पाडून चार माळे चढवले, गरजेपोटी म्हणतात ना तसे, वरच्या दोन माळ्यांवर भाडेकरू. गोठ्याच्या जागी आधी झेरॉक्सचं दुकान होतं, सध्या मोमोजवाला आहे. भाडं वेळेवर देतो, तक्रार नाही. रिनोव्हेशन आम्हीपण केलं, फक्त जपण्यासारखं काही आहे हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही, आईच्यासुद्धा नाही. तिला शेण काढायचा कंटाळा होता आणि ती ते उघड बोलते. गव्हाण लाकडाची होती, होळीत गेली.

"केवऱ्याला हाय?" आईने विचारलं.

म्हटलं किंमत लिहिलेली नाही, विचारल्यावर सांगतात.

"मंग मासली शिली आसंल," आई म्हणाली आणि कप घेऊन गेली. चाळीस वर्षं मार्केटात पाटी घेऊन बसलेली बाई आहे, भाव न सांगणाऱ्यावर तिचा विश्वास बसत नाही.

रात्री दुसरी खेप. सावल्या लांबवल्या, आभाळ दुपारचं घेतलं, स्विमिंग पूलच्या पाण्यात त्याचं प्रतिबिंब टाकलं, कडी यादीतून काढली, म्हणजे भिंतीत राहू दिली. शेवटचं काम राहिलं होतं ते गव्हाणीचं. एजंटचं म्हणणं होतं की कुंडी रिकामी दिसते, त्यात वाइनच्या बाटल्या टाका, आडव्या, आठ-दहा. बाटल्यांचा फोल्डरपण आहे आमच्याकडे. टाकल्या, काचेवर थोडी चमक दिली, कुंडीच्या कडेची सावली त्यांच्यावर आणली, झालं.

मग काय वाटलं कोण जाणे, बाटल्यांची लेयर बंद केली आणि गवत शोधलं. सुकलेला पेंढा मिळाला, तो गव्हाणीत भरला, दोन-चार काड्या बाहेर लोंबत्या ठेवल्या. खरं सांगतो, जास्त चांगला फोटो होता तो. पाच मिनिटं बघत बसलो, आईला हाक मारणार होतो पण ती झोपली होती. मग पेंढा बंद केला, बाटल्या चालू केल्या आणि फाईल पाठवली. पहाटे अडीचला अप्रूव्ह झाली.