आधी गतिरोधक मोजला, मग स्प्रिंग घेतल्या

टायर आणि मडगार्डच्या मधे माझ्या स्विफ्टला चार बोटं आरामात जायची. मला दोन हवी होती, म्हणजे गाडी तेवढी खाली बसवायची होती. बस, एवढीच हौस. गाडी 2014 ची, सेकंडहँड घेतलेली, आणि आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यात.

पहिल्यांदा मी तेच केलं जे सगळे करतात. तालुक्याच्या एका गॅरेजात गेलो. मिस्त्री म्हणाला, "काऊन पैसे घालवता भाऊ, एक-एक वेढा कापून देतो." कटर चालला, दोन तासांत चारही स्प्रिंगा कापून गाडी खाली बसली. दिसायला झक्कास. अमरावती-अकोला हायवेवर (लोणी ते माना या पट्ट्यात 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किमीची एक लेन डांबरून ज्याचा गिनीज विक्रम झाला, तो) तर गाडी रुळावरून चालल्यासारखी वाटली.

फाट्यावरून गावाकडे वळलो आणि विक्रम संपला. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते. तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. प्रत्येक लाटेला धाडकन आवाज. शॉकअप पूर्ण दबून थेट जंपिंग रबरावर, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटत होता. आठव्या दिवशी मागचं चाक नालीच्या काठावर लोंबकळलं आणि स्प्रिंग जागेवरून सरकली. शॉकअप पूर्ण लांब झाला, पण कापलेली स्प्रिंग तेवढी लांब उरलीच नव्हती. बाबूजींनी एकदाच विचारलं, "तुह्या गाडीले झालं काय?" मी गप्प.

वेढा कापला की गाडी नुसती खाली येत नाही, स्प्रिंग कडकही होते. सहा चालते (दबणारे) वेढे असले आणि एक गेला, तर कडकपणा सहा भागिले पाच, म्हणजे 20 टक्क्यांनी वाढतो. पण जुना शॉकअप मूळच्या नरम स्प्रिंगसाठी बनलेला. तो तिला आवरू शकत नाही, म्हणून गाडी टुणटुण उडते. हे मला नंतर कळलं. कापलेल्या स्प्रिंगा भंगारात गेल्या, कंपनीच्या नव्या घेतल्या, आणि या वेळी दुकानाआधी टेप हातात घेतला.

शाळेजवळचा गतिरोधक आमच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट. त्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींपासून 243 सेंटिमीटर अंतरावर, दोन सारख्या विटा उभ्या केल्या. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तेवढंच आहे. विटांवरून दोरी ताणली आणि मधली उंची काढली: साडेबारा सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी पोटाला न लागता जाते. आमचा हातभर रुंद. पोरं विचारत होती, नवा रस्ता होऊन राह्यला काय?

मग गाडी. रिकामी असताना चेंबरखाली (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) 17 सेंटिमीटर. घरचे पाच जण बसवले, 14.8 उरले. म्हणजे हातात अख्खे 2.3 सेंटिमीटर! दुकानदार 40 मिलिमीटर खाली नेणाऱ्या स्प्रिंगा दाखवत होता, त्या तिथंच बाद. कॉइलओव्हरचा (आटे पाडलेल्या शॉकअपवरच बसवलेली स्प्रिंग) मोह झाला, कारण आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येते. पण आमचा चिखल त्या आट्यांत वाळला की पाना फिरायचा नाही. आणि ज्याची उंची बदलायची नाही त्याला ते कशाला? शेवटी 25 मिलिमीटरच्या स्प्रिंगा घेतल्या, आणि त्यांच्याच जोडीचे, आखूड दांड्याचे शॉकअप. त्या 20 टक्के कडक, म्हणून पाच जणांच्या वजनानं गाडी 22 ऐवजी 18 मिलिमीटरच दबणार. 17 मधून अडीच आणि 1.8 गेले, चेंबरखाली हिशेब आला 12.7 सेंटिमीटर.

बसवताना मिस्त्रीशी (दुसरा मिस्त्री) एकाच गोष्टीवर वाद झाला. गाडी जॅकवर लटकलेली असताना तो लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बोल्ट पक्के आवळत होता. तसं केलं तर गाडी खाली उतरताच आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा आवळा द्यायचा. तो वैतागला, पण दिला. पुढच्या शॉकअपच्या दांड्याला एक केबल टाय घट्ट बांधला. गावापर्यंत जाऊन आलो आणि तो किती वर ढकलला गेला ते पाहिलं: रबराला टेकायला अजून दीड बोट शिल्लक. बरं वाटलं.

गाडी खाली आली की पुढच्या चाकांची दिशा बिघडते, टायरची आतली कड खाल्ली जाते. कापलेल्या स्प्रिंगांनी मला तो धडा एका टायरवर दिलाच होता. म्हणून लगेच अलाइनमेंट, आणि स्प्रिंगा जरा बसल्यावर पाचशे किलोमीटरनी पुन्हा एकदा. इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवला. पुढं क्लेमच्या वेळी कटकट नको.

आता मडगार्डखाली तीन बोटं जातात. दोन नाहीत. आणि शाळेजवळ हिशेबात फक्त 2 मिलिमीटरचा फरक उरतो, तोही गाडी न उसळली तर. म्हणून गाडी भरलेली असली की मी तिथं थांबतो, मामाजी न सांगता दार उघडून उतरतात, गतिरोधकापलीकडे जाऊन उभे राहतात आणि हात दाखवतात, "येऊ दे, येऊ दे, तिरपी घे!"