दहा युनिसायकली, एक गॅरेज: मे ते ऑगस्टचं काम

गॅरेजमधला युनिसायकलींचा, म्हणजे एका चाकाच्या सायकलींचा, ढीग भिंतीवर टांगला त्याची ही नोंद. आधी मोजदाद सांगतो. घरात माणसं चार आणि युनिसायकली (आमच्या बोलण्यात नुसतं युनि) दहा. धाकटीची १६ इंची (हे आकडे चाकाच्या मापाचे), जिच्यावर ती सातव्या वर्षी शिकली, आता तिला लहान पडते पण द्यायला तयार नाही. तिचीच २० इंची, हॉलमधल्या कसरतींची फ्रीस्टाइल, पांढऱ्या टायरची, म्हणजे हॉलच्या फरशीवर काळे पट्टे उठत नाहीत. थोरल्याची १९ इंची ट्रायल, उड्या मारायची. माझी पहिली २० इंची क्रोमवाली, हिच्यावर धाकटी सोडून आम्ही तिघंही शिकलो. बायकोची २४. माझी २६, टेकडीसाठीची जाड टायरवाली, आणि माझीच २९, जिच्यावर रोज सकाळी पाषाण तलावापर्यंत जाऊन येतो. एक ३६ इंची. एक पाच फुटी जिराफ, म्हणजे उंच सीटची, चेनवाली. आणि दहावी माझ्या आजोळची, सर्कशीतली.

या दहावीबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो. आजोळ सांगलीकडचं, आणि विष्णुपंत छत्रे, ज्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस काढली, ते त्याच मुलखातले, त्यामुळे तिकडे सर्कशीत काम केलेल्या माणसांच्या गोष्टी घराघरात असायच्या. मामांच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेमागे ही एकचाकी पडलेली होती, लोखंडी फ्रेम, सीटचं कातडं गेलेलं, क्रँक (पायडलचे दांडे) कॉटर पिनेवर बसवलेले, जसे आपल्या जुन्या काळ्या सायकलींना असायचे. कुणी चालवायची हे मामांनाही आठवत नाही. मी ती चालवत नाही, पण घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच असं मला वाटतं.

मे, दुसरा आठवडा

गॅरेज म्हणजे कोथरूडच्या आमच्या रो हाउसचं, ९ बाय १६ फूट, उंची ९ फूट, पुढे रोलिंग शटर. गाडी केव्हाचीच बाहेर झाडाखाली. आत इन्व्हर्टर, पाण्याची मोटर, स्कूटर, आणि एका भिंतीला टेकवलेला युनिसायकलींचा ढीग. ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त युनि आहेत त्यांना हे माहितीये की युनि भिंतीला टेकून नीट उभी राहतच नाही, चाक पुढे सरकतं आणि सीट खाली येते. एक काढायला गेलं की तीन पडतात, आणि ट्रायलच्या पायडलला ज्या धातूच्या पिना असतात त्या शेजारच्या युनिच्या आऱ्यांत घुसतात. २९ चे दोन आरे याच कारणाने वाकले आणि चाकाला आउट आला, म्हणजे ते डगमगत फिरायला लागलं.

पण खरं निमित्त वेगळंच झालं. बायको म्हणाली की तिने २४ शेवटची जानेवारीत चालवली. मी विचारलं का, तर म्हणाली ती सगळ्यात मागे आहे, बाहेर काढायलाच पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात स्वयंपाकाची वेळ होते. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. चार महिने! तेव्हा ठरवलं की पावसाच्या आत प्रत्येकाची युनि त्याच्या हाताला लागली पाहिजे, दुसरी एकही न हलवता. जागा किती वाचते हे नंतरचं.

मे, तिसरा आठवडा: पहिली रचना, फसलेली

युनि टांगायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे सीटच. सीटच्या खाली पोस्ट, म्हणजे सीटचा दांडा असतो, दोन समांतर दांड्यांच्या फटीत तो पोस्ट घातला की सीट वर अडकते आणि बाकी सगळं खाली लटकतं. चाकावर भार नाही, टायर चपटं होत नाही, हूक रिमला घासत नाही. म्हणून मी एक इंची जीआय पाइपाच्या दोन लांब नळ्या समांतर लावल्या, एका टोकाला भिंत आणि दुसरं टोक मोकळं, आणि कपाटात शर्ट टांगतो तशा सगळ्या युनि ओळीने लावल्या. दिसायला इतकं देखणं झालं की सगळे बघायला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी शाळेआधी चालवायला आली आणि तिची २० होती भिंतीकडून दुसरी. आता शर्ट मधूनच काढता येतो, युनि नाही येत. वर उचलावी तर फ्रेम आणि चाक त्या फटीतून जात नाही, म्हणजे बाहेर पडायचा रस्ता एकच, मोकळं टोक, आणि तिच्यापुढे आठ उभ्या. म्हणजे ढिगात होती तीच अडचण आता ओळीत आली होती. शिवाय पायडल. माझी युनि पायडलच्या टोकापासून टोकापर्यंत ३८ सेंटीमीटर भरते, क्रँक आडवे-उभे करून दोघींमधलं अंतर २५ वर आणता येतं पण कुणीतरी सरकवलं की परत एकमेकींत अडकतात. चार दिवसांनी सगळं उतरवलं. त्या नळ्या आता कपडे वाळत घालायला गच्चीवर आहेत.

मे अखेर: दुसरी रचना

यावेळी प्रत्येक युनिला स्वतःचा काटा. गल्लीच्या तोंडाशी जो फॅब्रिकेटर आहे त्याच्याकडून बारा एमएमच्या चौकोनी बारचे यू आकाराचे काटे करून घेतले, आतली फट ४० एमएम, टोकाला वर वळवलेली छोटी चोच, म्हणजे धक्का लागला तरी सीट पुढे निसटत नाही. मागे ५ बाय ३ इंचाची पट्टी वेल्ड केलेली, तिला भोकं. ४० एमएमच का, तर आमच्याकडे पोस्ट तीन मापांचे आहेत, २२.२, २५.४ आणि २७.२ एमएम, आणि जाड पोस्टलाही फटीत थोडं सैल राहिलं पाहिजे, नाहीतर काढताना खडखडाट होतो आणि मुलं ओढाताण करतात. पण लहान मुलांच्या युनिचा पोस्ट पूर्ण खाली बसवलेला असतो, तिथे सीटच्या लगेच खाली पोस्ट आवळणारा क्लॅम्प येतो, तोही फटीत मावला पाहिजे. आमच्या १६ चा क्लॅम्प जेमतेम मावला. तुम्ही करणार असाल तर आधी क्लॅम्प मोजा मग बार कापायला द्या. बारवर बागेच्या पाइपचे तुकडे चिरून चढवलेत, म्हणजे रंग उडत नाही.

काट्याची लांबी दोन प्रकारची ठेवली, यात डोकं सगळ्यात जास्त चाललं. चाक भिंतीला काटकोनात टांगायचं असेल तर पोस्ट भिंतीपासून चाकाच्या निम्म्या व्यासाइतका तरी लांब पाहिजे, २० इंचीसाठी २५ सेंटीमीटरच्या वर, म्हणून तिथे ३० चा काटा. मोठ्या चाकांना हे परवडत नाही, २९ इंची बाहेर इतकी येते की स्कूटर निघत नाही. त्यांना चाक भिंतीला समांतर, तेव्हा फक्त पायडलची निम्मी रुंदी मोकळी लागते, २५ चा काटा भरपूर होतो. पोस्ट गोल असल्यामुळे एकाच काट्यावर युनि हवी तशी फिरवता येते हा मोठा फायदा. समांतर टांगली की सीट काट्यावर आडवी बसते आणि जास्त घट्ट राहते.

काटे थेट भिंतीत ठोकले नाहीत. भिंत सहा इंची विटेची, पहिलं भोक नेमकं विटांच्या सांध्यात गेलं आणि मूठभर प्लास्टर खाली आलं. मग एका वखारीत जुन्या वाड्यातून निघालेलं सागवान मिळालं, चार इंच रुंद, दीड इंच जाड, आठ फुटी दोन पट्ट्या. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, स्क्रू मारताना वास काय सुटतो! बोहरी आळीतून आठ एमएमचे फास्टनर आणले, पट्टीची दोन्ही टोकं आरसीसी कॉलमला आणि मधले चार विटेच्या पोटात, सांधा टाळून. काटे मग लाकडाला स्क्रूने. मुलं वाढली की काटा वर सरकवायचा, भिंतीला परत हात लावायचा नाही. युनिचं वजन पाच ते आठ किलो, ते काहीच नाही, पण मुलं सीटला धरून लोंबकळतात तो भार धरून मी हे केलंय.

जून, पाऊस यायच्या आत

खालची ओळ रोजच्यांची: धाकटीच्या दोन्ही, थोरल्याची १९, बायकोची २४, माझी २९. प्रत्येकीचं टायर जमिनीपासून एक वीत वर, कारण जोराचा पाऊस आला की शटरखालून पाणी आत येतं. वरची ओळ साडेसहा फुटांवर, तिथे क्रोमवाली २०, २६ आणि सर्कशीची. कोपऱ्यात जिराफ, तिचा काटा पावणेसहा फुटांवर घ्यावा लागला.

बायकोची २४ मुद्दाम शटरजवळ पहिली लावली.

३६ साठी समोरची भिंत पूर्ण दिली. चाकच ९१ सेंटीमीटर, रिमचं माप ७८७ एमएम. अमेरिकेत मिनेसोटातला मावसभाऊ २०२४ च्या जुलैत तिथल्या बेमिजीचं युनिकॉन, म्हणजे युनिसायकलींचं जागतिक संमेलन, बघून आला आणि त्यानंतर त्याने आपली जुनी ३६ मला देऊन टाकली, भारतात येताना सोबत घेऊन आला. विमानात सामानाची लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण १५८ सेंटीमीटर चालते, हे नुसतं चाकच खोक्यात घातलं की दोनशेच्या पुढे जातं, त्याने जास्तीचे पैसे भरले आणि ते माझ्याकडून घ्यायला तयार होईना. इथल्या सायकलच्या दुकानात या मापाचं टायर मला मिळालेलं नाही, तेव्हा आहे ते टायर जपायचं हे पहिलं काम.

आणि इथे एक गोष्ट सांगतो जी मला फार उशिरा कळली. काही मोटरींच्या आत ठिणग्या पडतात त्यातून ओझोन वायू तयार होतो आणि ओझोनने रबराला बारीक चिरा पडतात. आमची पाण्याची मोटर जुनी, आणि तिच्याजवळ वर्षभर टेकवलेल्या क्रोमवालीच्या टायरच्या कडेला अशा चिरा होत्या, दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या. इन्व्हर्टरची बॅटरी पाण्याची असेल तर चार्ज होताना ॲसिडचा बारीक फवारा उडतो, तो आजूबाजूच्या लोखंडाला खातो. जिराफची चेन त्याच कोपऱ्यात लाल झाली होती. आता इन्व्हर्टर मागच्या दाराशी, तिथे वरती जाळीची खिडकी आहे, आणि मोटरच्या बाजूला फक्त झाडू, बादल्या.

जुलै: खरी परीक्षा

पाऊस लागला. भिंतींना घाम. पहिल्या आठवड्यात बायकोच्या सीटवर पांढरी बुरशी आली, ओली चालवून आणली आणि तशीच टांगली म्हणून. सीटच्या आतला फोम पाणी धरून ठेवतो, वरचं कव्हर सुकलं तरी आत ओल राहते. आता नियम असा की ओली युनि आधी पंख्याखाली, कव्हर सैल करून, मग काट्यावर. धाकटीच हे सगळ्यात कडक पाळते आणि आम्हाला पाळायला लावते.

पोस्ट सगळ्यांचे एकदा बाहेर काढले. ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये पावसाळाभर तसाच राहिला की दोन धातू एकमेकांना चिकटतात, २६ चा काढायला थोरला आणि मी अर्धा तास झटत होतो. ग्रीस लावून परत बसवले. बेअरिंगच्या टोप्या उघडून पुसल्या. परत आवळताना जपून, जास्त आवळलं तर बेअरिंग दाबलं जातं आणि चाक जड फिरतं, चाक उचलून फिरवायचं आणि ते मोकळं फिरतंय तोपर्यंतच आवळायचं. सर्कशीच्या फ्रेमला आणि आऱ्यांना शिलाई मशीनचं तेल फडक्याने.

वरच्या ओळीतल्या २६ चं डावं पायडल काढून ठेवलंय म्हणजे ती भिंतीला चिकटून बसते. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं हे आपल्याला पाठ आहे, पण घरातल्या इतरांना नाही, म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात "डावं, २६ चं" लिहून डबा त्याच काट्याला बांधलाय. चुकीच्या क्रँकमध्ये जोर करून बसवलं तर आटे गेले, आणि मग क्रँकच नवीन.

उंदीर. क्रोमवालीच्या सीटचं नाक कुरतडलं, साडेसहा फुटांवर! लाकडी पट्टीवरून चालत गेला असणार. शटरच्या बाजूच्या पाणी जायच्या भोकाला जाळी ठोकली, शटरच्या खाली रबराची पट्टी लावली, तेव्हापासून नाही. पाणीही निम्म्याने कमी झालं.

ऑगस्ट

काल रविवार होता, सकाळी उघडीप होती. मी चहा घेऊन खाली आलो तर २४ चा काटा रिकामा. शटर अर्धं वर, रस्त्यावर बायको आणि धाकटी, एकमेकींचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालल्या होत्या. मी घड्याळ लावून नंतर बघितलं, शटर उचलण्यापासून सीटवर बसेपर्यंत चाळीस सेकंद.

राहिलेली कामं: ३६ च्या काट्याची चोच अजून अर्धा इंच वर हवी, स्कूटर काढताना हँडल लागलं तर सीट निसटू शकते, फॅब्रिकेटरला सांगितलंय. पंप आणि ॲलन कीसाठी एक ट्रे. आणि सर्कशीच्या युनिच्या कॉटर पिना. दोन्ही गंजून बसल्यात, हातोडीने मारायची माझी हिंमत नाही, वाकली तर त्या मापाची जुनी पिन कुठे शोधू. रोज संध्याकाळी दोन थेंब तेल सोडतोय, आज अकरावा दिवस, उजवीकडची किंचित हललीये असं वाटतंय. कुणी जुन्या सायकलीच्या पिना न तोडता काढल्या असतील तर कशा ते नक्की सांगा, तोपर्यंत तेलच.