फ्लॉरेन्समधला पंधरा ऑगस्ट

युरोप टूरवर पंधरा ऑगस्ट आला की माझं सगळं ठरलेलं असतं. पुण्याहून आणलेले कागदी झेंडे, एक बरा फोटो पॉइंट, ‘जन गण मन’ची ५२ सेकंदं, ग्रुप फोटो आणि चला बसमध्ये. त्या वर्षीचा पॉइंट होता फ्लॉरेन्सचा पियाझ्झाले मिकेलांजेलो. मागे डुओमोचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा लाल घुमट, पुढे आमचे ३४ जण.

पण इटलीतही पंधरा ऑगस्टला सुट्टी असते, फेर्रागोस्तो. सम्राट ऑगस्टसच्या काळातली ही सुट्टी. मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण पुढे तिच्यावर येऊन बसला. शटरवर ‘सुट्टीनिमित्त बंद’चे कागद. जिथे आमचं दुपारचं जेवण बुक होतं, त्या इंडियन रेस्टॉरंटचाही फोन कुणी उचलेना. पिसाहून निघालेली बस फ्लॉरेन्समध्ये शिरत होती आणि मागच्या सीटवरून एक आवाज आला, "जेवायला किती वेळ आहे?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात कोल्हापूरचे काका पुढे आले. "जेवणाचं ऱ्हाऊ दे ओ. आमच्या महाराजांची छत्री हाय न्हवं हितं? तिकडं न्या की."

मी त्यापूर्वी पंधरा-सोळा वेळा तरी फ्लॉरेन्सला आलो होतो. ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल, हे नाव पाटीवर वाचलंही होतं. कोण भारतीय, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. काकांच्या हातात मी माइक दिला.

काका राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले. ३० नोव्हेंबरला गेले. वय वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती, आणि प्रेत जाळायची तिथे रीतच नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथेच स्मारक म्हणून छत्री उभी राहिली. बसमध्ये कुणी चुळबुळ केली नाही.

ड्रायव्हरचा पंचेचाळीस मिनिटांचा सक्तीचा ब्रेक बाकी होता. तो इथेच घे म्हटलं.

कास्चिने बागेच्या टोकाला, झाडांच्या सावलीत घराघरांतली मंडळी कलिंगडं कापत बसली होती. पलीकडे कठडा, आत छत्रीखाली पगडीतला तरुण, रंगवलेला अर्धपुतळा. काकांनी कठड्याबाहेर बूट काढले. मोजे तसेच. मग ते संगम बघायला गेले आणि तोंड वाकडं करून परत आले. "ही मुन्योने म्हंजे आपला जयंती नाला की ओ!"

राष्ट्रगीत मी नेहमी सुरू करतो. त्या दिवशी काकांनीच सुरू केलं, तेही इतक्या वरच्या पट्टीत की ‘जय हे’ला निम्म्या लोकांचे आवाज फाटले. वर त्याच ‘भारतीयाच्या’ पुलावरून गाड्या धडधडत होत्या. शेजारी पत्ते खेळणारे इटालियन आजोबा काय चाललंय ते न कळताही उठून उभे राहिले, हातातली पानं मात्र छातीशी धरून. प्रतिस्पर्ध्याला दिसू नयेत म्हणून असावं.

जेवण तिथेच झालं. आमच्याकडून भडंग आणि खाकरे, त्यांच्याकडून कलिंगड. भडंग चाखून एका छोकऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने पुन्हा हात पुढे केला. निघताना मी झेंडे गोळा केले. कागदी झेंडा कुठे पडून राहता कामा नये, म्हणून ते मी पासपोर्टसारखे मोजून घेतो. ३४ भरले.

पियाझ्झाले राहिलंच. रात्री ऑफिसचा मेसेज आला, ‘पंधरा ऑगस्टचा ग्रुप फोटो पाठवा, पेजवर टाकायचाय.’ फोन चाळला. एकच फोटो निघाला: छत्रीचा कठडा, त्याच्याबाहेर टूरसाठी घेतलेले काकांचे पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज आणि शेजारी कलिंगडाची साल. तोच पाठवला.