पहिला तोळा घेताना

कापसाचे पैसे हातात आले की पाय जळगावच्या सराफा बाजाराकडे वळतातच. आखाजी (अक्षय तृतीया) आणि धनतेरसला तर काउंटरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. अशा गर्दीत पहिलं सोनं घेऊ नये. सराफाला काटा नीट दाखवायला फुरसत नसते आणि चार माणसांत विचारायला आपल्यालाही अवघड वाटतं. मुहूर्त साधायचाच असेल तर अर्धा ग्रॅम घ्या, बाकीचं आठवड्यानं.

आधी ठरवा, सोनं अंगावर घालायचंय की ठेवायचंय. हिशेबाला सोपा म्हणून 24 कॅरेटचा भाव 10 ग्रॅमला 1,00,000 रुपये धरू. 22 कॅरेटच्या (91.6 टक्के शुद्ध) 10 ग्रॅम दागिन्यातलं सोनं झालं 91,600 रुपयांचं. मजुरी 12 टक्के, म्हणजे 10,992. बेरजेवर 3 टक्के जीएसटी 3,078. दागिना पडला 1,05,670 ला, हॉलमार्कचे (शुद्धतेच्या अधिकृत खुणेचे) पैसे वेगळे. तोच दुसऱ्या दिवशी मोडायला नेला तर मजुरी आणि कर गेलेच. वर 2 टक्के घट कापली तर हातात 89,768 येतात. एका रात्रीत सोळा हजारांची खोट!

24 कॅरेटच्या वेढणीला (नक्षी नसलेल्या साध्या वेढ्याला) मजुरी नावालाच असते. ती 1 टक्का आणि मोडताना घट 1 टक्का धरली, तर खोट पाच हजारांच्या आसपास बसते. म्हणून ठेवायचं सोनं वेढणी किंवा नाण्यातच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नाण्यांत एक-एक ग्रॅमची दहा घेण्यापेक्षा दहा ग्रॅमचं एक स्वस्त पडतं, कारण मजुरी प्रत्येक नाण्यावर लागते. सीलबंद पाकीट फोडू नका. फोडलं की विकताना पुन्हा तपासणी आली. बँकेतून नाणं घेण्याआधी लक्षात ठेवा, बँक नाणं विकते, परत घेत नाही.

दागिन्यावर तीन खुणा भिंगातून स्वतः पाहा: बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोण, 22के916 असा शुद्धतेचा आकडा आणि अक्षर-अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र नंबर. हा नंबर 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा आहे. 2 ग्रॅमच्या आतल्या नगांना आणि कुंदन-पोलकी-जडावाला सूट आहे. दुकानातच बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाका. शुद्धतेसोबत तिथं दागिन्याचा प्रकारही दिसतो. ॲपमध्ये अंगठी आणि हातात पोत, असं झालं तर तो नग खाली ठेवा. हॉलमार्कपेक्षा शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क आहे, पण त्यासाठी पक्कं बिल लागतं. त्यावर प्रत्येक नगाचं निव्वळ वजन, कॅरेट, मजुरी आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहून घ्या. 'पोत, 1 नग, एकूण' एवढ्या बिलाचा काही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त फसगत निव्वळ वजनातच होते. पोतीचे काळे मणी, खडे, पोकळ मण्यात भरलेली लाख, हे सगळं काट्यावर चढतं. ते सोन्याच्या भावात घ्यायचं नाही. काटा शून्यावर आला का पाहा आणि पंखा बंद करायला सांगा. वरच्या भावात 10 मिलिग्रॅम म्हणजे 100 रुपये. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा होता, आजचा 10 ग्रॅमचा. त्यामुळे आजीचे 'पाच तोळे' 58 ग्रॅम भरले तर वजन वाढलेलं नाही, मापच तेव्हाचं आहे.

आता ठेवायचं कुठं? उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं, लग्नसराईत दाराला दोन-दोन दिवस कुलूप असतं, आणि कपाटातला डबा कुठं आहे हे अर्ध्या गल्लीला ठाऊक असतं. धान्याच्या कोठीत पुरचुंडी ठेवायची सवय तर सोडाच. धान्यात टाकतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा वायू माणसाला मारतो, शिवाय तांबं, चांदी आणि सोन्याचे दागिनेही खराब करतो. दारावर पॉलिश करायला येणाऱ्याच्या हाती दागिना देऊ नका. त्याच्याकडच्या आम्लांच्या तीव्र मिश्रणात सोनं विरघळतं, तो ते घेऊन जातो, आपल्याकडे उरतो चकचकीत पण हलका दागिना.

बँकेचं लॉकर घेताना नॉमिनी तिथंच नोंदवा. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. भाडं 2,000 असेल तर 2 लाख, आत दहा तोळे असले तरी. नैसर्गिक पुरात तेही नाही. म्हणून विमा वेगळा उतरवा, आणि बिलं व प्रत्येक नगाचा फोटो लॉकरबाहेर ठेवा.

चांदीला जागा फार लागते आणि ती काळी पडते. पैंजण, कडं घेताना टंच (चांदीची शुद्धता) बिलावर लिहून घ्या, कारण मोडताना भाव टंचावरच मिळतो. वर्तमानपत्र, रबरबँड आणि लोकरीचं कापड चांदीपासून लांब ठेवा. त्यातलं गंधक चांदी काळवंडतं. हवाबंद पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. तरी काळी पडलीच तर राखेनं घासू नका, घासून धातू झिजतो. भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, लिटरभर कढत पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला आणि चांदी फॉइलला टेकेल अशी पाच मिनिटं बुडवा. खड्यांचे आणि मुद्दाम काळपट ठेवलेल्या नक्षीचे नग मात्र त्यात घालू नका.