गाठीतून उमटणारा नाद

तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवरचे, तारेखालचे सूत केसभर सरकले तरी नाद उमलतो किंवा मिटतो, हे रियाजाला बसताना रोज अनुभवत असल्यामुळे, फिनलंड आणि त्याला लागून असलेल्या करेलिया या प्रदेशातील कांतेले या तंतुवाद्याला घोडीच नसते हे कळले तेव्हा मला फार नवल वाटले.

जुने पाच तारांचे कांतेले आल्डर, पाइन किंवा बर्चच्या एकसंध लाकडातून कोरत. कारागीर ते लाकूड वरून पोखरून त्यावर पातळ फळी बसवी, किंवा खालून पोखरून तळ तसाच उघडा ठेवी. पुढे फळ्या जोडून मोठी वाद्ये होऊ लागली, तारा तिसांच्या पुढे गेल्या आणि १९२०च्या दशकात पाउल साल्मिनेन यांनी लिव्हरने तारांचे स्वर बदलणारे मैफिलीचे कांतेले घडवले. माझे मन मात्र त्या पाच तारांपाशीच रेंगाळते.

प्रत्येक तार एका टोकाला धातूच्या आडव्या दांडीभोवती फिरवून स्वतःवरच गाठ मारून बांधलेली असते आणि दुसऱ्या टोकाला ती थेट खुंटीला जाते. मध्ये कसलाही आधार नसतो. त्यामुळे तारेचे उभे आणि आडवे कंपन एकाच ठिकाणी थांबत नाही: एकाची सीमा दांडी ठरते, तर दुसऱ्याची गाठ. दोन्हींच्या लांबीत किंचित फरक पडल्याने अगदी जवळचे दोन स्वर एकत्र उमटतात आणि नाद हळुवार डोलत राहतो. आपल्याकडे जवारीत, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर साधलेल्या झंकारात, तार घोडीच्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते. तिथली रीत अगदी वेगळी, पण जीव ओतला जातो तो इथल्याप्रमाणेच तारेच्या शेवटच्या बोटभर जागेत. वाद्य घडवणाऱ्याच्या हाताची खरी कसोटी मला तिथेच दिसते.

या पाच तारा साधारणपणे सा, रे, ग, म, प अशा लावतात. गंधार कधी शुद्ध असतो, कधी कोमल, तर काही जुन्या वादनांत या दोहोंच्या मधला. तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या ‘सा’च्या तारेतून, आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार कानात मुरलेला असल्यामुळे तो मधला स्वर मला सुरुवातीला उतरलेला वाटला. पाचही तारांच्या एकत्र गुंजनात तो पुष्कळदा ऐकल्यावर आता तो आपल्या जागी बसलेला वाटतो.