भरती नसलेला समुद्र : क्रीटमधले सात दिवस

"भरती किती वाजता असते हो?"

ग्रीसच्या क्रीट बेटावर, एलुंडाच्या रिसॉर्टमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या सासूबाईंनी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तो इंग्रजीत सांगितला. मुलगी जरा गोंधळली, मग हसून म्हणाली, "मॅडम, समुद्र चोवीस तास उघडा असतो."

आईंचं सगळं आयुष्य दापोलीजवळच्या मुरुडला गेलंय. समुद्रावर जायचं तर आधी तिथी बघायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आम्ही राहतो फ्रँकफर्टला. उन्हाळ्यात त्या दोन महिने आमच्याकडे आल्या, मुलांना सुट्टी होती, आणि नवऱ्याने बरीच वर्षं मनात ठेवलेलं ग्रीस एकदाचं बुक केलं. नऊ वर्षांचा ईशान, चार वर्षांची मीरा, सत्तरीच्या आई आणि आम्ही दोघं. पाचही जणांना झेपेल असं काय, या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही शेवटी पंचतारांकित 'फॅमिली रिसॉर्ट'पर्यंत पोचलो. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. पहिल्याच दिवशी त्यांच्या गाडीत मीरासाठी सांगून ठेवलेली चाइल्ड सीट नव्हती आणि हेराक्लिओनच्या विमानतळावर आम्ही पाऊण तास उन्हात उभे राहिलो. बाकी सगळं छान होतं, तेव्हा तेवढ्यासाठी कोणाची अब्रू काढायची नाही.

हेराक्लिओनहून एलुंडा तासाभराच्या अंतरावर, क्रीटच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेचा 'मेल्तेमी' वारा सुटतो आणि क्रीटचा उत्तर किनारा चांगलाच खवळतो. एलुंडासमोर मात्र एक लांबट द्वीपकल्प आडवं पसरलंय, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं निवांत असतं. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट स्विमिंग पूल किती आहेत यापेक्षा आधी बघावी. मीरा पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यात, तिसऱ्या दिवशी बाह्यांना फुगे लावून आमच्याही पुढे.

भरतीचं उत्तर मी संध्याकाळी आईंना दिलं. भूमध्य समुद्र अटलांटिकला जोडलाय तो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीने, आणि ती सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर. एवढ्याशा तोंडातून महासागराची भरती आत येणार कशी? क्रीटला पाणी वर-खाली होतं ते काही सेंटिमीटर. कोकणात ते दोन-अडीच मीटर सहज चढतं. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग याला समुद्र कशाला म्हणायचं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी चाखून पाहिलं आणि मत थोडं सुधारलं. "खारट मात्र आपल्याहून जास्त आहे." बरोबर होतं त्यांचं. पूर्व भूमध्य समुद्रात हजारात साधारण 39 भाग मीठ असतं, अरबी समुद्रात 36च्या आसपास. ऊन भरपूर, पाऊस कमी, मोठ्या नद्याही मोजक्या. त्या जिभेवरून सांगतात, मी पुस्तकातून.

ईशानने पहिल्याच दुपारी वाळूत किल्ला बांधायला घेतला. दिवाळीत बाल्कनीत बांधतो तसाच : बुरूज, तटबंदी, एक चोरदरवाजा. अगदी पाण्याच्या काठाला. आजी म्हणाली, "अरे, वर बांध, भरतीत जाईल." मग त्यांनाच आठवलं आणि गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला जसाच्या तसा. ईशानला एवढा आनंद झाला की नाश्ता सोडून त्याने दुसरा तट घातला. तिसऱ्या दिवशी मात्र तिथे सपाट वाळू. समुद्राने नव्हता नेला. अधूनमधून पहाटे सहाला रिसॉर्टचा माणूस मोठा दाताळा घेऊन सगळी वाळू विंचरून ठेवतो, पाहुण्यांना कोरी करकरीत दिसावी म्हणून.

बीच 'खासगी' असं जाहिरातीत लिहिलं होतं. प्रत्यक्षात ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक असतो, खासगी असतात त्या खुर्च्या आणि छत्र्या. त्यामुळे रोज चारच्या सुमाराला गावातल्या दोन म्हाताऱ्या पिशवी घेऊन यायच्या, टोप्या न काढताच गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहायच्या आणि तासभर गप्पा मारायच्या. चौथ्या दिवसापासून त्यांच्यात सुती साडी नेसलेली तिसरी सामील झाली. कोणत्या भाषेत बोलतात म्हणून मी जवळ गेले, तर तिघीही गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. हाताने दाखवून.

आता खाण्याकडे वळते. आम्ही 'हाफ बोर्ड' घेतलं होतं, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. आम्ही 26 जुलैला पोचलो आणि आदल्याच दिवशी श्रावण लागला होता. एरवी आई माशांशिवाय जेवत नाहीत आणि इथे समोर बर्फावर मांडलेले चकचकीत मासे नुसते बघायचे. "आधी सांगितलं असतंत तर आषाढात आले असते," हे सात दिवसांत किमान सात वेळा ऐकलं.

पण उपास पडला नाही, उलटंच झालं. दुसऱ्या रात्री सॅलडमध्ये टोमॅटो-काकडीत काही मांसल, लहान, गोलसर पानं होती. आईंनी एक पान काट्याने बाजूला काढलं, मग बोटाने उचललं, देठाचा लालसर रंग बघितला, चावलं. "ही घोळ आहे." मी म्हटलं, असेल तसलंच काहीतरी. "तसलं काही नाही, घोळच. आपल्या परसात उगवते ती." वेटरला विचारलं तर म्हणाला, ग्लिस्त्रिदा, त्याच्या आईच्या बागेत न लावता येते. फोनवर शोधलं. आईच बरोबर होत्या. पुढे प्लाका गावातल्या खानावळीत 'व्लीता' मागवली, तर उकडलेल्या हिरव्या पालेभाजीचा ढीग आला, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. हाही आपला माठच, राजगिऱ्याच्या कुळातला. आईंनी सगळी ताटली संपवली आणि म्हणाल्या, "चांगली आहे, फोडणी द्यायची राहिली फक्त."

(ग्रीक दही म्हणजे चक्का, त्यात साखर-वेलची घातली की श्रीखंड, हा विनोद ग्रीसमध्ये प्रत्येक मराठी कुटुंब करतं. आम्हीही केला.)

आई मासे का घेत नाहीत हे त्या वेटरला मी जमेल तसं समजावलं होतं. तो म्हणाला, आमच्याही घरी एक तारखेपासून आहे. 15 ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण, त्याआधी चौदा दिवस ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपवास : मांस नाही, अंडी नाहीत, दूध-दही-चीज नाही, मासेही नाहीत. कोलंबी आणि कालवं चालतात, कारण त्यांना रक्त नसतं असं मानतात. आई ऐकून थक्क. "दूध चालत नाही आणि कोलंबी चालते?" थोडा विचार करून म्हणाल्या, "त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा बरा आहे."

29 जुलैला हेराक्लिओनला जाऊन आलो. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा भर उन्हात बघितला. आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने 1900 पासून तो उकरला आणि काँक्रीट घालून काही भाग पुन्हा उभाही केला. हे मला फारसं आवडलं नाही; खरं कुठे संपतं आणि इव्हान्स कुठे सुरू होतो ते कळत नाही. माणसाहून उंच मातीचे रांजण मात्र अप्रतिम. संग्रहालयात गार हवा होती, तिथे मुलंही शांत झाली. एका कपाटात हातभरही नसलेली एक चिनीमातीसारखी बाई : उघडी छाती, झालरीचा घागरा, आणि दोन्ही हात पसरून दोन्ही मुठींत साप. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. आईंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, मग मला हळूच विचारलं, "आज नागपंचमी ना?" होती. त्यांनी काचेसमोर हात जोडले. शेजारचा जर्मन पर्यटक अदबीने बाजूला सरकला.

रिसॉर्टच्या प्रत्येक खुर्चीवरून समोर एक बेट दिसतं, तटबंदीचं. स्पिनालोंगा. थंड लेमोनेड हातात घेऊन आपण ज्याच्याकडे बघतो, तिथे 1903 पासून 1957 पर्यंत कुष्ठरोग्यांना नेऊन ठेवत. किल्ला व्हेनिसवाल्यांचा, 1579 मध्ये बांधायला घेतलेला. ऑटोमनांनी तो 1715 मध्ये मिळवला. प्लाकाहून होडीने दहा मिनिटं. एका लांब काळोख्या बोगद्यातून आत जावं लागतं. रोगी तिथूनच आत जात. आत मात्र गल्ली आहे, दुकानांच्या ओळी, घरं, देऊळ. 1936 साली एपामिनोंडास रेमुंडाकिस नावाचा कायद्याचा विद्यार्थी इथे आणला गेला, वय एकवीस. त्याने रोग्यांची संघटना उभी केली आणि सरकारशी भांडून माणसासारखं जगण्याची मागणी केली. कुष्ठरोगावर सल्फोन औषधं आली तेव्हा कुठे बेट रिकामं झालं. आईंना आनंदवन आठवणं साहजिकच होतं. आमच्या घरी तिथली सतरंजी अजून आहे. "तिकडे निदान शेती होती," एवढंच म्हणाल्या आणि परतीच्या होडीत काही बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला उशिराच गेलो.

मग या सगळ्याचे पैसे वसूल झाले का? किड्स क्लब चार वर्षांपासून पुढच्या मुलांना घेतो, आणि रोज सकाळी ते तीन तास आम्हा नवराबायकोला मिळाले, हे कबूल करते. रात्रीचा मिनी-डिस्को नसता तरी चाललं असतं. भर दुपारी झाडांवरचे सिकाडा नावाचे किडे इतके ओरडतात की आईंना वाटलं रातकिड्यांचं वेळापत्रक बिघडलंय. दरपत्रकात ठळक न दिसणारी एक गोष्ट सांगून ठेवते : ग्रीसमध्ये पंचतारांकित हॉटेलला उन्हाळ्यात खोलीमागे रात्री 15 युरो हवामान-कर असतो, तो तिथेच भरावा लागतो. आमच्या दोन खोल्या, सात रात्री : 210 युरो. आईंनी शंभरने गुणलं आणि एवढंच विचारलं, "हवामानाला पोचतात का ते?"

किल्ल्याचं राहिलं. शेवटच्या दुपारी ईशानने तो तिसऱ्यांदा बांधला, या वेळी झाडाखाली, खुर्च्यांच्या मागे. गाडी पहाटे पाचची होती. सामान ठेवून आम्ही कुंपणापाशी उभे होतो, वाळू अजून कालच्या पावलांनी भरलेली आणि दाताळा भिंतीला टेकवून ठेवलेला.

"आजी, राहील ना?"

"समुद्र तरी नेणार नाही," आई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.