तुम्ही विचारलंत म्हणून: नववीतलं पोरगं वहीच उघडत नाही

"पोरगं नववीत आहे, वहीला हात लावत नाही. सरांना भेटून बोलायचं तरी काय?" खानापूर, निपाणी, बेळगावच्या आसपासच्या गावांतून हा प्रश्न वरचेवर येतो.

सरांकडे जायच्या आधी त्याच्या वह्या चाळा. गणिताच्या वहीत बहुधा एक जागा सापडते. तिथवर पायऱ्या आहेत, खाडाखोड आहे; पुढे फळ्यावरून उतरवलेली, एकही खोड नसलेली गणितं. खाडाखोड थांबली तिथे समजणं थांबलं. त्या पानावरची तारीख टिपून घ्या. भात लावणीत आठवडाभर शाळा बुडाली होती का, आठवा. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकून, जवळ मराठी हायस्कूल नाही म्हणून कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांच्या विज्ञानाच्या वह्या पहिल्या महिन्यापासूनच अशा कोऱ्या-करकरीत असतात. त्याला आळशी म्हणणं हा त्या पोरावर अन्याय आहे.

पालकसभेच्या गर्दीत विषय काढू नका. वर्गशिक्षकांकडे शाळा सुटल्यावरची वीस मिनिटं मागून घ्या. "कसा आहे आमचा?" म्हटलं की "लक्ष नसतं" एवढंच उत्तर येतं, भरलेल्या वर्गात सर तरी आणखी काय सांगणार? वही पुढे ठेवून विचारा: कुठल्या तासाला तो बोलतो, कुठल्या तासाला मागच्या बाकावर सरकतो? तोंडी येतं आणि लिहिताना अडतं का? फळा वाचताना डोळे बारीक करतो का? (तसं असेल तर आधी डोळे तपासा.) शेवटी मुलाला आत बोलवा. त्याच्यासमोर गाऱ्हाणी नकोत. "कुठून सुरुवात करूया?" हे सरांनी त्यालाच विचारावं.

ठरवायचं एवढंच: एक विषय, चार आठवडे. घरी दहा गणितांऐवजी तीन, पण सगळ्या पायऱ्यांसकट. वहीच्या मागच्या पानावर तारीख, काम आणि सरांची सही. घोटाळा होतो तो इथेच. सही राहिली की रात्री ओरडा बसतो, आणि आठवड्यात ते पान फाटलेलं दिसतं, कारण त्याची तक्रारवही झालेली असते. त्या पानावर झालेलंच काम लिहायचं. राहिलेल्याविषयी पालक आणि सर शनिवारी फोनवर बोलतील. त्याच महिन्यात ट्यूशनही लावू नका. थकलेल्या पोरावर आणखी दोन तास लादले की हा तीन गणितांचा करारही मोडतो.

गुणांचा हिशेब सरांनीच त्याला मांडून दाखवावा. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या, ६२५ पैकी १२५ गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात: प्रथम भाषेला २५, बाकी पाच विषयांना प्रत्येकी २०. वर्षभराच्या चाचण्या आणि उपक्रमांतून ते मिळतात. बोर्डाच्या पेपरच्या धास्तीनं हातपाय गाळलेल्या मुलाला हे गुण आवाक्यातले वाटतात. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, तेव्हा सुगीत त्याला घरी ठेवायच्या आधी सरांकडे हजेरीचा आकडा विचारा.

चार आठवड्यांनी वही पुन्हा बघा. खाडाखोड परत आली असेल तर दुसरा विषय घ्या. नसेल तर सरांना सांगून गणित आणखी मागे न्या, अगदी सहावीच्या अपूर्णांकांपर्यंत.

पण पोरगं दोन आठवड्यांहून जास्त गप्प आहे, झोप-जेवण उडालंय, मित्रही तुटलेत, असं दिसलं तर अभ्यास बाजूला ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. सरांना त्याच दिवशी कळवा, म्हणजे गृहपाठ नाही म्हणून वर्गात त्याला कुणी उभं करणार नाही.